भंगारातून अवजार : माळव्याचा डोरा आणि लहान ट्रॅक्टरचे गणित

इंदूरच्या आसपासच्या माळव्यात पावसाळा सुरू झाला की सोयाबीनची पेरणी होते आणि त्यानंतर शेतकऱ्याची खरी धावपळ सुरू होते. या पिकाचे पहिले ३० ते ४५ दिवस तणमुक्त गेले पाहिजेत. त्या काळात वाढलेले तण उत्पन्नाचा मोठा वाटा खाऊन टाकते. पण हे दिवस नेमके पावसाचेच. काळी जमीन ओली असताना पायाला चिकटते, सुकली की दगडासारखी होते. या दोहोंच्या मधला वाफसा काही दिवसांचाच. त्या मोजक्या दिवसांत कोळपणी झाली तर झाली, नाहीतर तणनाशकाचा खर्च किंवा निंदणीच्या मजुरांची वाट पाहणे आले.

पूर्वी या कामाला बैलजोडी होती. आता ती प्रत्येक दारी राहिलेली नाही. मोठा ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, पण त्याची रुंद चाके उभ्या पिकात शिरली तर ओळीच तुडवल्या जातात. मिनी ट्रॅक्टर त्या ओळींत मावतो; मात्र त्याच्या मागे जोडायचे अवजार पुन्हा विकत घ्यावे लागते. ही पोकळी गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांनी भरून काढली आहे. ट्रकचा मोडका पाटा, जुन्या गाडीचे चॅनल, स्कूटरचे चाक आणि चार बोल्ट यांतून तेथे कोळपणीचे अवजार उभे राहते. भंगार किलोच्या भावाने मिळते आणि अवजार नगाच्या भावाने विकले जाते. मधला फरक कारागिराच्या हाताचा असतो. तो हात कुठे चुकतो आणि त्या चुकीची किंमत काय असते, हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

नाव वेगळे, काम एकच

माळव्यात या अवजाराला ‘डोरा’ किंवा ‘कुलपा’ म्हणतात. इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेच्या शेतकऱ्यांसाठीच्या सल्ल्यांतही हेच शब्द येतात. विदर्भातला डवरा आणि पश्चिम महाराष्ट्रातले कोळपे यांच्याशी त्यांचे नाते मराठी कानाला लगेच ओळखू येते. रचनाही सारखीच असते : एक आडवा दांडा, त्याला जोडलेले फण आणि खाली जमिनीत दोन-तीन बोटे खोल सरकणारी धारदार पास. तणाची मुळे कापायची आणि वरची माती मोकळी करायची, एवढेच तिचे काम.

बैलाच्या जागी इंजिन जोडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग शेजारच्या गुजरातेत झाला. अमरेली जिल्ह्यातील मोटा देवळिया येथील मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ मध्ये बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून त्या जागी दोन चाकांचा आस आणि अवजारे जोडण्याचा दांडा बसवला. ‘बुलेट सांती’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यंत्राला पुढे राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या माध्यमातून मान्यता आणि पेटंटही मिळाले. मोटारसायकलमागे डोरा ओढण्याचे प्रकार माळव्यातही दिसतात.

टाकाऊ लोखंडातून शेतीचे अवजार घडवण्याची परंपरा मराठी उद्योगाला नवीन नाही. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात नांगर बनवण्यासाठी कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा वितळवण्यात आल्या होत्या. तेथे मात्र ओतशाळा होती, धातूची पारख असलेली माणसे होती. गावच्या दुकानात ही पारख डोळ्यांनी आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांनी करावी लागते.

कोणते लोखंड कुठे

भंगारात सगळे लोखंड सारखे दिसते, पण स्वभावाने तीन जाती ठळक असतात. अँगल, चॅनल आणि पाइप हे बहुधा मऊ पोलादाचे, म्हणजे माइल्ड स्टीलचे असतात. ते वाकते, सहज वेल्ड होते, पण त्याला धार टिकत नाही आणि तापवून पाण्यात बुडवले तरी ते फारसे कडक होत नाही. म्हणून ते सांगाड्याला योग्य.

दुसरी जात ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांची. यात कार्बन बराच जास्त असतो. तापवून तेलात विझवले आणि नंतर हलकी आच देऊन पाणी उतरवले की हे पोलाद कडकही राहते आणि चिवटही. फण आणि पास यांच्यासाठी याच्याइतके चांगले भंगार नाही. तिसरी जात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. ते ठोक्याने तुटते, साध्या वेल्डिंगला दाद देत नाही. म्हणून जोर येणाऱ्या जागी ते वापरू नये.

ओळख पटवण्यासाठी ग्राइंडर पुरतो. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब आणि पिवळसर असतात, त्यांना फांद्या कमी फुटतात. स्प्रिंगच्या पाट्याच्या ठिणग्या आखूड असतात आणि त्यांना भरपूर फुलोरा येतो. बिडाच्या ठिणग्या लालसर व मंद असतात.

सर्वाधिक चुका होतात त्या पाट्याच्या जोडणीत. पाटा थेट सांगाड्याला वेल्ड केला, तर वेल्डशेजारची पट्टी झपाट्याने थंड होऊन ठिसूळ होते. पहिल्याच दगडाला फण तिथेच मोडतो. म्हणून पाटा क्लॅम्प आणि बोल्टने बांधावा. झिजला की बदलणेही सोपे जाते. जुना पाटा वापरण्यापूर्वी त्याला रॉकेल लावून पुसावे आणि वर खडूची पूड भुरभुरावी. पाट्यात बारीक चीर असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल पुडीवर रेघेसारखे उमटते. असा पाटा कितीही जाड असला तरी परत भंगारात टाकावा.

ओळीचे आणि जोडणीचे माप

सोयाबीनच्या दोन ओळींत साधारण ४५ सेंटिमीटर अंतर असते. पास २५ ते ३० सेंटिमीटर रुंद ठेवली, तर दोन्ही बाजूंना रोपाजवळ साडेसात ते दहा सेंटिमीटर जागा उरते. ट्रॅक्टरच्या दोन चाकांच्या मध्यांतले अंतर ९० सेंटिमीटर ठेवले, तर दोन ओळी पोटाखाली येतात आणि चाके बरोबर ओळींच्या मध्ये चालतात. अवजार बनवण्याआधी ही मापे जमिनीवर खडूने आखून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे.

ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडबिंदूंचीही मापे ठरलेली आहेत. प्रचलित ‘वर्ग १’ जोडणीत खालच्या दोन बिंदूंमधील अंतर ६८३ मिलिमीटर असते, तर लहान ट्रॅक्टरसाठीच्या अरुंद प्रकारात ते ४०० मिलिमीटर असते. वर्ग १ मध्ये खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ मिलिमीटरची असते. भंगारातला हाती आला तो दांडा पिन म्हणून ठोकला, की भोक हळूहळू लंबगोल होते आणि अवजार चालताना डुलू लागते. अवजार डुलले की पास रोपांवर जाते.

वजनाचेही भान हवे. जुने लोखंड फुकटासारखे मिळते म्हणून सांगाडा जाड होत जातो. मागे भार वाढला की पुढची चाके हलकी होतात आणि चढावर सुकाणू ऐकेनासे होते. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या आसावर राहावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. ओढायची साखळी मागच्या आसापेक्षा वर कधीही बांधू नये. अशा वेळी ट्रॅक्टर मागच्या मागे उलटतो आणि चालकाला उडी मारण्याइतकाही वेळ मिळत नाही.

जो तुटायला हवा, तो बोल्ट

चांगल्या अवजारात एक भाग मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. फण दोन बोल्टांवर बसवतात : एकावर तो फिरतो, दुसरा त्याला धरून ठेवतो. दगड किंवा मूळ आडवे आले की हा दुसरा, कमी ताकदीचा बोल्ट तुटतो, फण मागे वळतो आणि सांगाडा वाचतो. शेतात मात्र असा बोल्ट दोनदा तुटला की तिसऱ्यांदा त्या जागी डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला कडक बोल्ट किंवा सळईचा तुकडा घातला जातो. मग बोल्ट टिकतो आणि त्याऐवजी सांगाडा, नाहीतर ट्रॅक्टरचा जोड तुटतो.

फिरणारा दांडा

कोळपे नुसते ओढले जाते. त्यात धोका मर्यादित असतो. रोटाव्हेटर, फवारणी पंप किंवा खड्डे खणणारे यंत्र जोडले, की ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, म्हणजे पीटीओ शाफ्ट, कामाला येतो. त्याचा प्रमाण वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. चार सेंटिमीटर जाडीचा दांडा एका फेऱ्यात सुमारे साडेबारा सेंटिमीटर कापड गुंडाळतो. म्हणजे सेकंदाला एक मीटरहून अधिक. दोन मीटरची ओढणी, उपरणे किंवा साडीचा पदर दोन सेकंदांच्या आत संपतो आणि त्याच्या मागे माणूस ओढला जातो.

जुन्या बाजारातून शाफ्ट मिळतो, पण त्यावरचे प्लॅस्टिकचे कवच बहुतेकदा आधीच गळून पडलेले असते. शाफ्ट जुना चालेल. कवच मात्र नवेच हवे. सैल कपडे घालून जवळ जाणे, चालू यंत्रात अडकलेले गवत हाताने ओढणे आणि चालू शाफ्ट ओलांडणे, या तीन गोष्टी कितीही घाई असली तरी टाळल्याच पाहिजेत.

भंगार कापतानाही सावध राहावे लागते. जुन्या शॉक अॅब्सॉर्बरमध्ये दाबाखाली तेल किंवा वायू असतो. तो गॅस कटरने तापवला तर फुटतो. पेट्रोल-डिझेलची टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर ताप आणतो. मुलामा आधी घासून काढावा आणि काम उघड्यावर करावे.

कायद्याची एक बाजू अनेकांच्या ध्यानात नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील बदलतील असे फेरफार वाहनात परस्पर करता येत नाहीत. मागचे चाक काढून आस बसवलेली मोटारसायकल शेतात उपयोगी असली, तरी ती रस्त्यावर आणणे नियमबाह्य आहे.

गोव्याच्या शेतात

माळव्याचे अवजार जसेच्या तसे गोव्यात चालणार नाही. येथे सलग काळी राने नाहीत. लहान खाचरे आहेत, उतारावरची कुळागरे आहेत आणि खारे पाणी अडवून राखलेली खाजने आहेत. त्यामुळे येथे मिनी ट्रॅक्टरपेक्षा पॉवर टिलर अधिक सोयीचा ठरतो आणि भंगारातून बनवण्याजोगी पहिली वस्तू कोळपे नसून भाताच्या चिखलात रुतू न देणारे लोखंडी पिंजरा-चाक ही असते. सळया आणि पट्ट्यांचे हे चाक गावच्या वेल्डरला सहज जमते. खाजनात मात्र खारटपणा वेल्डच्या सांध्यांपासून लोखंड खायला सुरुवात करतो. हंगाम संपताच चाक गोड्या पाण्याने धुऊन त्याला जुने इंजिन ऑइल किंवा रंग लावला नाही, तर दोन पावसाळ्यांत पुन्हा भंगाराचाच रस्ता.

घरगुती अवजाराला सरकारी अनुदान सहसा मिळत नाही, कारण त्यासाठी मान्यताप्राप्त केंद्रात चाचणी झालेले यंत्र लागते. तरीही तयार अवजार शेतात नेण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्रातील जाणकारांच्या नजरेखालून घालणे शहाणपणाचे. सांगाडा जुना चालतो, पाटा जुना चालतो, चाकही जुने चालते. पिना, तुटायचा बोल्ट आणि शाफ्टचे कवच या तीन वस्तूंवर मात्र काटकसर करू नये. एकूण खर्चात त्यांचा वाटा सर्वांत लहान असतो आणि चालवणाऱ्याचे हातपाय त्यांच्यावरच अवलंबून असतात.