सोळाव्या वर्षी निवृत्ती, एकोणिसाव्या वर्षी जगज्जेतेपद

फिगर स्केटिंगमध्ये खेळाडूचा सारा भार ज्या पोलादी पात्यावर तोललेला असतो, ते जेमतेम चार-पाच मिलिमीटर जाडीचे असून त्याच्या तळाला लांबीभर उथळ खोबण असते. त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन धारा मिळतात, आणि उडी कोणत्या धारेवरून कशी घेतली यावर तिचे नाव व मोल ठरते. ‘लुट्झ’ ही उडी मागे सरकताना बाहेरच्या धारेवरून, दुसऱ्या पायाच्या पात्याचे दातेरी टोक बर्फात रोवून घेतली जाते. ‘ॲक्सेल’ मात्र पुढे तोंड असताना घेतली जाते, तर उतरणे इतर उड्यांप्रमाणे मागे सरकतच होते. म्हणून तिहेरी ॲक्सेलमध्ये प्रत्यक्षात साडेतीन फेऱ्या माराव्या लागतात. हे सारे एका सेकंदाहूनही कमी वेळात उरकायचे असते, आणि फेरी पाव भागापेक्षा अधिक अपुरी राहिली की चित्रफीत संथ गतीने तपासणारे तांत्रिक पंच तिचे गुण कापतात.

फेऱ्यांचा वेग वाढवण्यासाठी खेळाडू हात छातीशी आवळून व पाय एकमेकांना चिकटवून शरीर आपल्या अक्षाजवळ आणतो. सडपातळ, लहान चणीच्या देहाला हे सोपे जाते, आणि म्हणूनच मुलींच्या बाबतीत वयात येण्याआधीची दोन-तीन वर्षे अवघड उड्यांचा हंगाम ठरत गेली. पुढे उंची व वजन वाढले की तीच उडी नव्याने शिकावी लागते, आणि घोटा, गुडघा व कंबर यांनी तोवर सोसलेले हिसके वेगळेच. या व्यवस्थेत प्रशिक्षकाला घाई असते, मुलीला पर्याय नसतो.

कॅलिफोर्नियातील ॲलिसा लिऊ हिची कारकीर्द याच घाईत सुरू झाली. जानेवारी २०१९ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ती अमेरिकेची आजवरची सर्वांत लहान महिला राष्ट्रीय विजेती ठरली. बक्षीस समारंभात चौथऱ्यावर चढायला तिला शेजारच्या पदकविजेत्या खेळाडूंनी हात दिला, आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेसाठी तर तिचे वयच भरत नव्हते. त्याच वर्षी एकाच सादरीकरणात तिहेरी ॲक्सेल व चार फेऱ्यांची लुट्झ या दोन्ही उड्या साधणारी ती पहिली महिला ठरली. २०२२ मध्ये बीजिंग ऑलिंपिक आणि पाठोपाठ जागतिक कांस्यपदक झाल्यावर सोळा वर्षांच्या या मुलीने निवृत्ती जाहीर केली. योगायोग असा की त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने पंधरावरून सतरा वर्षांवर नेण्याचा निर्णय घेतला.

दोन वर्षांनी ती परतली ती स्वतःच्या अटींवर: संगीत, वेशभूषा आणि सरावाचे प्रमाण यांत तिचा शब्द चालणार होता. मार्च २०२५ मध्ये बोस्टनच्या जागतिक स्पर्धेत, डोना समरच्या डिस्को गाण्यावरील तिच्या अंतिम सादरीकरणात चार फेऱ्यांची एकही उडी नव्हती आणि ॲक्सेलही दुहेरीच होती. मात्र तिहेरी उड्या पूर्ण फिरलेल्या, उतरल्यावरची सरक लांब व वाहती, आणि दोन उड्यांमधली जागा दम घेण्यात न घालवता पदन्यासाने भरलेली होती. बालवयात घटवलेल्या तंत्रावरच हा डोलारा उभा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही वाढलेले शरीर म्हणजे कारकिर्दीचा अंत, हा समज तिच्या पुनरागमनाने खोटा ठरवला. २००६ मधील किमी माइस्नरनंतर महिला एकेरीचे जगज्जेतेपद पटकावणारी ती पहिली अमेरिकन खेळाडू होय.