टायर तापतो, मुरतो आणि मग धरतो

गो-कार्टला सस्पेन्शन नसतं. स्प्रिंग नाही, शॉक ॲब्सॉर्बर नाही, आणि मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियलही नाही. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवून पहिली कार्ट तयार केली. तेव्हापासून इंजिनं कितीतरी बदलली, पण हा साधेपणा टिकून राहिला. त्यामुळे ट्रॅकवरचा प्रत्येक उंचवटा आणि वळणावरचा प्रत्येक रेटा सोसायचा तो सांगाड्याने आणि चार टायरांनी. सांगाड्याची जुळवाजुळव करायला वेळ लागतो आणि बरीच जाणही लागते. टायरमधली हवा मात्र एका मिनिटात बदलता येते, आणि तिचा परिणाम पुढच्याच लॅपमध्ये दिसतो. म्हणून जाणता मेकॅनिक सकाळी पिटमध्ये आला की इंजिनाआधी टायरकडे वळतो.

इथे बोलायचं आहे ते डांबरी ट्रॅकवर स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या स्लिक टायरबद्दल, म्हणजे ज्याच्यावर खाचा नसतात त्या गुळगुळीत टायरबद्दल. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर स्पर्धा पाहिली असेल तर हे टायर ओळखीचे असतील. पुढचा टायर साडेचार इंच रुंद आणि दहा इंच उंच, मागचा ७.१ इंच रुंद आणि अकरा इंच उंच, रिम पाच इंची. तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळणाऱ्या कार्टचे टायर वेगळे. ते महिनोन्महिने टिकावेत म्हणून मुद्दाम कडक बनवलेले असतात, आणि पुढे सांगितलेलं फारसं काही त्यांना लागू होत नाही.

रबर डांबराला धरतं ते दोन प्रकारे. डांबराचा पृष्ठभाग बारीक खडीने खरबरीत असतो. मऊ रबर त्या उंचसखलपणात दाबलं जातं, आकार बदलतं आणि मूळ आकारात यायला किंचित वेळ घेतं. त्या उशिरामुळेच घसरण्याला विरोध होतो. दुसरा प्रकार म्हणजे रबराचे रेणू आणि खडीचा पृष्ठभाग यांच्यातलं प्रत्यक्ष चिकटणं. दोन्हींसाठी रबर ठरावीक तापमानाला असावं लागतं. थंड रबर ताठ असतं, खडीत शिरतच नाही. फार तापलेलं रबर इतकं ढिलं पडतं की त्याचा वरचा थरच सरकू लागतो. कार्टच्या स्लिकला साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान बरं वाटतं. टायरची तयारी म्हणजे चारही टायर या पट्ट्यात लवकर आणणं आणि शर्यत संपेपर्यंत तिथेच ठेवणं. बाकीचं सगळं त्यासाठीच चाललेलं असतं.

सुरुवात टायर रिमवर चढवण्यापासून होते. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो आधी पाहायचा, कारण चारपैकी एक टायर उलटा चढला तर ते पुन्हा सगळं उतरवावं लागतं. टायर थोडा वेळ उबदार जागी ठेवला की कडा लवचिक होतात. कडेला साबणाचं पाणी लावायचं ते बोटाने पुसल्यासारखं, अगदी थोडं. आत पाणी राहिलं तर टायर तापल्यावर त्याची वाफ होते आणि दाब वेडावाकडा वाढतो. मग हवा भरायची. रिमच्या खोबणीत टायरच्या कडा बसताना दोन वेळा फट्कन आवाज येतो. यासाठी लागणारा दाब चालवण्याच्या दाबाच्या तिपटी-चौपटीपर्यंत जातो, म्हणून निर्मात्याने दिलेली मर्यादा कधीही ओलांडायची नाही आणि हवा भरताना चेहरा टायरवर वाकवायचा नाही. कड बसत नसेल तर हवा सोडून पुन्हा साबण लावावा. जोराने आणखी हवा कोंबणं हा हातापायाशी खेळ आहे. बसवलेला टायर रात्रभर ठेवून सकाळी दाब पुन्हा पाहावा. अर्ध्या पीएसआयची (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) गळतीसुद्धा शर्यतीत पुरेशी नडते.

याच टप्प्यावर एक मोजणी असते, ती नवखे लोक हमखास टाळतात. दोन्ही मागच्या टायरांना समान हवा भरायची आणि मधोमध टेप फिरवून घेर मोजायचा. अकरा इंच उंचीच्या टायरचा घेर साधारण ८७८ मिलिमीटर भरतो. मागचा आस एकच अखंड दांडा असल्यामुळे दोन्ही चाकं बरोबरीनेच फिरतात. समजा एका टायरचा घेर दुसऱ्यापेक्षा फक्त १० मिलिमीटरने जास्त आहे. एक किलोमीटरमध्ये चाक सुमारे ११४० वेळा फिरतं, म्हणजे मोठा टायर ११ मीटरहून जास्त पुढे जायला बघतो. जाता तर येत नाही, कारण दोघं एकाच दांड्याला बांधलेले. मग सरळ रस्त्यावरसुद्धा एक टायर सतत थोडा घासत राहतो, कार्ट एका बाजूला ओढते आणि चालकाला वाटतं की स्टिअरिंग बिघडलंय. अमेरिकेतल्या लंबगोल ट्रॅकवर, जिथे फक्त डावीकडेच वळायचं असतं, तिथे उजवा टायर मुद्दाम मोठा ठेवतात. डावी-उजवी दोन्ही वळणं असलेल्या ट्रॅकवर मात्र जोडी जुळलेली हवी.

आता पहिलं तापणं. कोरा टायर साच्यातून निघतो तेव्हा त्याच्यावर साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो आणि पृष्ठभाग चकचकीत असतो. पहिल्या एक-दोन लॅपमध्ये तो घासून जातो, आणि त्या लॅपमध्ये टायरवर विश्वास टाकायचा नसतो. पण खरी गोष्ट वरच्या थराच्या आत घडते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर पक्कं करण्याची रीत शोधली. तीच आजही टायरमागे आहे: रबराच्या लांबलचक साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. नव्या टायरमध्ये हे दुवे सारखे नसतात, काही पक्के असतात तर काही कच्चे. टायर पहिल्यांदा तापून ताणला गेला की कच्चे दुवे तुटतात. त्यानंतर तो शांतपणे गार होऊ दिला, तर ते पुन्हा जुळतात आणि अधिक एकसारखे जुळतात. न थांबता पुन्हा त्याच टायरवर जोर काढला तर जुळायला वेळच मिळत नाही आणि टायर लवकर ढेपाळतो.

म्हणून नवा जोड पहिल्यांदा बाहेर काढायचा तो मोजक्या लॅपसाठी. वेग हळूहळू वाढवत न्यायचा, घसरवायचं नाही, ब्रेक लावून चाकं अडकवायची नाहीत, आणि टायर सगळीकडून सारखे तापले की आत यायचं. मग चोवीस तास हात लावायचा नाही. टायर मुरू द्यायचा.

यात एक अडचण आहे आणि ती खरी आहे. कार्टचा मऊ स्लिक सर्वांत वेगवान असतो तो पहिल्या काही लॅपमध्येच. स्पर्धेत टायरचे जोड मोजून मिळतात, त्यांची नोंद होते, आणि वेळेची फेरी, म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणारी क्वालिफाइंग, तोंडावर असते. अशा वेळी पुष्कळ संघ कोरा जोड थेट वेळेच्या फेरीला लावतात आणि पुढच्या शर्यतीत थोडं सोसतात. मला हा हिशेब सरावाच्या दिवसांत तरी पटत नाही. शिकणाऱ्या मुलाने मुरवलेला जोड वापरावा. तो जास्त वेळ एकसारखा वागतो, आणि लॅपमधला फरक चालवण्यामुळे पडला की टायरमुळे, हे कळायला तोच एकसारखेपणा लागतो.

हवेचा दाब हा सगळ्या तयारीचा गाभा. कार्टमध्ये स्प्रिंग नाही, पण टायरमधली हवा हीच एक स्प्रिंग आहे. कोरड्या ट्रॅकवर गार टायरमध्ये दाब साधारण ९ ते १४ पीएसआयच्या दरम्यान ठेवतात. नेमका आकडा टायर, ट्रॅक आणि दिवस ठरवतो. दाब कमी ठेवला की टायर चपटा बसतो, जमिनीला जास्त जागेवर टेकतो आणि हळूहळू तापतो. दाब जास्त ठेवला की टेकण्याची जागा आक्रसते, तेवढ्याच जागेवर सगळा भार येतो आणि वरचं रबर भराभर तापतं. म्हणून छोट्या वेळेच्या फेरीसाठी दाब थोडा वर, लांब अंतिम शर्यतीसाठी थोडा खाली. थंड सकाळी वर, तापलेल्या दुपारी खाली. उलटं केलं तर चालकाच्या तक्रारीवरून लगेच कळतं: अंतिम शर्यतीत पहिल्या पाच लॅप छान आणि मग कार्ट साबणावर चालल्यासारखी झाली, तर दाब जास्त होता. शर्यत संपता संपता कुठे पकड आली, तर कमी होता.

आकडेमोड साधी आहे. बंद जागेतल्या हवेचा दाब तापमानाबरोबर वाढतो. ३० अंशाला गेजवर १० पीएसआय भरलेली हवा ६० अंशाला पोचली की समुद्रसपाटीच्या हिशेबाने साधारण १२.४ दाखवते. मेकॅनिकला हवा असतो तो हा गरम दाब. गार दाब हे फक्त तिथे पोचायचं साधन. आता आपल्याकडचा उन्हाळ्यातला दिवस घ्या. सकाळी २२ अंशाला १० पीएसआय भरून ठेवलं आणि दुपारी ३६ अंशाला न तपासता शर्यतीला गेलात, तर ट्रॅकवर जायच्या आधीच आत ११.२ झालेले असतात. अर्ध्या पीएसआयने फरक पडतो अशा खेळात हा सव्वा पीएसआय फुकट वाढलेला. त्यात कार्ट उन्हात उभी असेल तर उन्हाकडचे दोन टायर सावलीतल्या दोघांपेक्षा तापलेले, म्हणजे चौघांचे आकडे चार दिशांना. उपाय एवढाच: कार्ट सावलीत ठेवायची, दाब निघायच्या अगदी आधी भरायचा, आणि दिवसभर एकच गेज वापरायचा. गेज थोडा चुकीचा असला तरी चालतो, बदललेला चालत नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढायला विसरू नये. काही जण नायट्रोजन भरतात. त्याचा मुख्य फायदा तो कोरडा असतो हाच.

शर्यतीहून परतलेला टायर सगळं सांगतो, पण पहिल्या मिनिटातच. सुईसारखं टोक असलेला तापमापक रबरात किंचित टोचून आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी आकडे घ्यायचे. दुरून मोजणारा इन्फ्रारेड तापमापक फक्त वरचा थर पाहतो आणि तो थर वाऱ्याने क्षणात गार होतो. मध्य दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा गरम आणि मध्य गार असेल तर कमी. एकच कड तापलेली असेल तर चाकाचा कल पाहायला हवा. नंतर डोळ्यांनी पाहायचं. खोडरबर घासल्यावर पडतात तशा बारीक वळ्या पृष्ठभागावर दिसल्या तर टायर तापायच्या आधीच घसरवला गेला. फोड किंवा लहान खळगे दिसले तर रबर आतून अती तापलं. ड्युरोमीटर नावाचं छोटं उपकरण रबराचा कडकपणा ० ते १०० च्या शोर ए मापावर सांगतं. टायर प्रत्येक तापण्यागणिक थोडा कडक होत जातो, आणि वहीत त्याचे आकडे ओळीने लिहिलेले असले की जोड कधी संपला ते नजरेआधी कळतं.

पकड वाढली म्हणजे वेग वाढला, असं मात्र होत नाही. अखंड आसामुळे वळणात आतलं मागचं चाक क्षणभर हलकं व्हावंच लागतं, नाहीतर कार्ट वळतच नाही. पकड अती झाली की ते चाक उचलतं, आपटतं, कार्ट वळणात उड्या मारते आणि इंजिनाचा दम जातो. कमी ताकदीच्या फोर-स्ट्रोक इंजिनांना हे फार जाणवतं. तेव्हा दाब बदलून किंवा मागच्या चाकांमधलं अंतर वाढवून पकड मुद्दाम थोडी सोडावी लागते.

पावसात टायरच वेगळा असतो, खाचांचा आणि अधिक मऊ. तिथे दाब बराच वर ठेवतात, म्हणजे खाचा उघड्या राहतात आणि पाणी कापलं जातं. ट्रॅक सुकू लागला की हेच टायर काही लॅपमध्ये फाटून जातात.

ठेवणीतल्या टायरचे शत्रू म्हणजे ऊन, उष्णता आणि ओझोन. रबराला मऊ ठेवणारी तेलं हळूहळू बाहेर येतात आणि टायर कडक होतो. प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, काळ्या पिशवीत, अंधाऱ्या गार खोलीत ठेवावा. शेजारी चालू विजेची मोटर नसावी, कारण तिच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो.

राहिला रसायनांचा विषय. अमेरिकेतल्या मातीच्या लंबगोल ट्रॅकवर ही एक वेगळीच विद्या आहे. तिथे दाबलेल्या मातीचा ओलावा संध्याकाळभर बदलत जातो, आणि त्यानुसार टायर आधी घासून पातळ करतात, मग बाहेरून द्रावण पुसतात, काही वेळा आत द्रावण भरून टायर तासन्‌तास यंत्रावर फिरवत ठेवतात, म्हणजे रबर आतून मऊ होतं. काही स्पर्धांत याला परवानगी असते. डांबरी ट्रॅकवरच्या, एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या स्पर्धांत मात्र टायरवर कोणतंही द्रव्य लावायला आणि टायर कृत्रिमरीत्या तापवायला बंदी आहे, आणि ही बंदी योग्य आहे असं मला ठामपणे वाटतं. ही द्रावणं कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातात, आणि कार्टिंग हा लहान मुलांचा खेळ आहे. पिटमध्ये टायर पुसायला बरेचदा मुलंच बसलेली असतात. तपासणीत हवेतल्या बाष्पशील रसायनांचं प्रमाण मोजणारं यंत्र टायरजवळ धरतात. एफआयएच्या नियमांत ही मर्यादा बरीच वर्षं ५ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत पाच भाग, राहिली आहे. ती इतकी कमी आहे की काहीही न लावलेला टायरसुद्धा निष्काळजीपणाने अडकू शकतो. म्हणून चेनला वंगणाचा स्प्रे मारायचा असेल तर आधी मागची चाकं काढून बाजूला ठेवावीत, टायर पेट्रोलच्या कॅनशेजारी रचू नयेत, आणि ब्रेक क्लीनरने पुसलेल्या हातांनी टायर उचलू नये.