आइस्क्रीमच्या पॉटातले गणित

गणित आणि आमचे घराणे यांचे वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे. मी मराठीचा प्राध्यापक झालो याचे श्रेय लोक माझ्या वाङ्मयप्रेमाला देतात. खरे श्रेय अपूर्णांकांचे, हे फक्त माझ्या आईला ठाऊक आहे. गेल्या एप्रिलात सहावीतल्या आमच्या कन्येने लाल रेघांनी भरलेला गणिताचा पेपर मुकाट्याने पुढे ठेवला, तेव्हा मी तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणालो, "असू दे गं. मलासुद्धा कधी आले नाही."

मला वाटले, बापाने लेकीचे सांत्वन केले. दुसऱ्या दिवशी तिने गणिताची वही माळ्यावर फेकून दिली. "आपल्या घरात कुणाला येतच नाही ना!" मी चरकलो. घर नि जमीन देऊ शकलो नाही, ते एक असो. पण भीती मात्र वारसाहक्काने देऊन बसलो होतो!

मे महिन्यात ती वही शोधायला मी माळ्यावर चढलो आणि वहीबरोबर आजोबांच्या वेळचे आइस्क्रीमचे पॉट खाली आले. लाकडी बादली, आत उभा डबा, डब्यात पाते आणि वर फिरवायचा दांडा. आईचे डोळे चमकले. "हापूस आण," तिने मला हुकूम सोडला, "आणि बर्फ, खडेमीठ. तीन किलो बर्फाला एक किलो मीठ. माप चुकले तर रस नुसता गार होईल, गोठायचा नाही."

बर्फ भरला साडेचार किलो.

"मीठ किती घ्यायचे, आजी?"

"तूच सांग."

कन्या बोटे मोडू लागली. तिनाला एक, दीडाला अर्धा... "दीड किलो!"

"म्हणजे मिश्रणात एक तृतीयांश मीठ," मी विद्वत्ता पाजळली.

"नाही बाबा! साडेचार नि दीड मिळून सहा. सहात दीड म्हणजे पाव. बर्फाच्या मानाने तिसरा हिस्सा, पण सगळ्यात मिळून चौथा."

आई गालात हसली. मी दांडा फिरवू लागलो.

तेवढ्यात दुसरा प्रश्न आला. "मिठाने बर्फ तर वितळतोय. मग थंडी वाढते कशी?" 'गप्प बस आणि फिरव' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. वीस वर्षे वर्गात उभा राहणाऱ्याला ते फार सोपे जातात. पण मला एरास्टो एम्पेम्बा आठवला. १९६३ साली टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, या शाळकरी मुलाने आइस्क्रीमसाठी उकळलेले दूध गरम असतानाच फ्रीझरमध्ये ठेवले आणि ते सोबत्याच्या गार मिश्रणाआधी गोठले. का, म्हणून विचारले तर शिक्षक हसले. पुढे डेनिस ऑसबोर्न या प्राध्यापकांनी प्रयोग करवून पाहिला आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने निबंध छापून आला. असे खरोखर नेहमी घडते का, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही.

मी कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या मित्राला बोलावले. तो तापमापक घेऊनच आला. पारा नव्हे, लाल रेघ शून्याखाली चौदा अंशांवर उतरली! त्याने समजावले : खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू शून्याच्या खाली असतो, म्हणून मीठ पडताच बर्फ वितळू लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. ती तो शेजारून, म्हणजे डब्यातल्या आमरसातून, ओढून घेतो. आणि दांडा फिरवायचा तो बर्फाचे कण बारीक राहावेत नि हवा मिसळावी म्हणून. नाहीतर दाताखाली खडेच यायचे.

पाऊण तासाने झाकण उघडले. शेजारची मुले धरून आम्ही नऊ जण. कन्येने आपण होऊन नऊ वाट्या मांडल्या आणि वाटणी केली. आजीला मात्र दोन नवमांश मिळाले, ते कसे, हे तीच जाणे!

परवा सहामाहीचा निकाल लागला. गणितात फार गुण आहेत असे नाही. पण वही माळ्यावर गेलेली नाही. तिच्या शेवटच्या पानावर भाऊबीजेचा हिशेब आहे : सीताफळाचा गर, दूध, बर्फ, मीठ; माणसे चौदा. खाली एक प्रश्न : 'साखर जास्त घातली तर गोठायला उशीर का?'

उत्तर मला येत नाही. या वेळी मात्र मी तिला म्हणालो, "चल, दोघे मिळून शोधू."