‘जेवून राहिलो’ म्हणणाऱ्यानं इंग्रजी व्याकरणाला भिऊ नये

दहावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : “पोरगं हुशार हाये, पण ग्रामर कच्चं हाये.” खोदून विचारलं तर एवढंच निघतं, की त्याला बारा काळांचा तक्ता पाठ नाही. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आज दहावीला बसणाऱ्या मुलानं दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. तरी धाक कायम आहे, आणि तो धाक काही चुकीच्या समजुतींनी पोसला आहे.

गैरसमज : इंग्रजीत बारा काळ आहेत, ते आधी पाठ झाले पाहिजेत.

बारा हा आकडा शिकवण्याच्या सोयीसाठी आला. भूत, वर्तमान, भविष्य हे तीन आणि क्रियेच्या चार अवस्था (साधी, चालू, पूर्ण, पूर्ण-चालू) यांचा तो गुणाकार आहे. तीन आणि चार समजले की सात गोष्टींत काम होतं. बारा खाने घोकायची गरज राहत नाही. खरं तर क्रियापदाचं रूप बदलून दाखवले जाणारे काळ इंग्रजीत दोनच आहेत, वर्तमान आणि भूत. रँडॉल्फ क्वर्क आणि सहकाऱ्यांचं १९८५ साली निघालेलं इंग्रजीचं मोठं व्याकरणही असंच मानतं. भविष्यासाठी इंग्रजीजवळ वेगळं रूप नाही, ‘विल’सारख्या शब्दाची मदत घ्यावी लागते. आपल्याकडे मात्र ‘जाईन, जाशील, जाईल’ अशी भरलेली कणगी आहे.

‘गो’ या क्रियापदाची रूपं पाच : गो, गोज, गोइंग, वेन्ट, गॉन. ‘कट’ची तर तीनच. आता आपल्या ‘जाणे’ची मोजायला बसा. जातो, जाते, जातात, गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या... बोटं पुरत नाहीत. हे सगळं ज्याच्या जिभेवर शाळेत जायच्या आधीच बसलं, त्याचं डोकं व्याकरणाला कमी पडतं असं म्हणणं चूक आहे.

गैरसमज : वऱ्हाडी बोलीमुळे इंग्रजी बिघडतं.

या समजुतीनं आपल्या भागातल्या लेकरांचं फार नुकसान केलं आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

‘आय ईट’ आणि ‘आय ॲम ईटिंग’ यांतला फरक समजवताना मास्तर घाम गाळतात. प्रमाण मराठीत “कुठे जातोस?” हा प्रश्न रोजचा की आत्ताचा, हे पुष्कळदा प्रसंगावरून ओळखावं लागतं. वऱ्हाडीत “कुठी जाऊन राहिला?” म्हटलं की शंका उरत नाही. “मी ज्वारीची भाकर खातो” म्हणजे ‘आय ईट’. “मी भाकर खाऊन राहिलो” म्हणजे ‘आय ॲम ईटिंग’. “खाऊन राहिलो होतो” म्हणजे ‘आय वॉज ईटिंग’. पाच वर्षांचं पोरगंही यात गल्लत करत नाही. इंग्रजीनं मागितलेला भेद त्याच्या घरात आधीपासून आहे. फक्त त्याला तो कुणी दाखवून दिला नाही.

याच बोलीनं एक नेहमीची चूकही पकडता येते. ‘आय ॲम हॅविंग अ सायकल’ असं मुलं सर्रास लिहितात. त्यांना विचारावं, “माह्याजवळ सायकल असून राहिली” असं म्हणता का? ती हसतील आणि चूक कायमची सुटेल. ‘आय ॲम नोइंग’चंही तसंच. “मले माहीत असून राहिलं” कुणी म्हणत नाही.

पण बोली आणि इंग्रजी प्रत्येक वेळी एका वाटेनं जात नाहीत, हेही सांगायला हवं. “मले पाटी दिसून राहिली”, “मले समजून राहिलं” असं आपण बिनदिक्कत म्हणतो; इंग्रजीत तिथं साधं ‘आय सी’, ‘आय अंडरस्टँड’ येतं. अशा जागा थोड्या आहेत. त्या वहीत वेगळ्या लिहून ठेवाव्यात.

गैरसमज : मराठी शब्दाच्या जागी इंग्रजी शब्द ठेवला की वाक्य झालं.

“पोरानं भाकर खाल्ली, पोरीनं भात खाल्ला.” इथं क्रियापद खाणाऱ्याकडे पाहत नाही, भाकर आणि भात यांच्याकडे पाहतं. इंग्रजी क्रियापद कर्त्याशीच बांधलेलं असतं आणि त्याला लिंगाशी देणंघेणं नाही. पोरगा असो की पोरगी, दोघांनाही ‘एट’. दुसरी गोष्ट शब्दांच्या जागेची. “बैलानं कुत्र्याले मारलं” हे “कुत्र्याले बैलानं मारलं” असं फिरवलं तरी मार कुत्र्यालाच बसतो, कारण प्रत्यय राखण करतात. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नाहीत. ‘डॉग’ आधी आला की मारणारा कुत्राच.

प्रश्न विचारताना आपण शेवटी ‘काय’ लावतो : “तू आला काय?” इंग्रजीत ते काम ‘डिड’ करतो, तोही पुढं उभा राहून, आणि भूतकाळाची खूण तोच घेतो. म्हणून ‘डिड यू कम’. ‘डिड यू केम’ म्हटलं की खूण दोनदा लागते. तसंच आपण “मी कालच आलो आहे” म्हणू शकतो, पण ‘यस्टरडे’बरोबर ‘हॅव कम’ चालत नाही. काल संपला, म्हणून तिथं ‘केम’.

गैरसमज : व्याकरण लागतच नाही, नुसतं धडाधड बोला.

लहान मूल चार माणसांत राहून भाषा उचलतं, कारण ती भाषा दिवसभर त्याच्या कानावर असते. दर्यापूर किंवा बाळापूरच्या मुलाला इंग्रजी तासाभरापुरतं भेटतं. त्याला नियम सांगितला तर वेळ वाचतो. मात्र नियम एका दिवशी एक, आणि त्यावर स्वतःच्या घराची, शेताची दहा वाक्यं.

गैरसमज : इंग्रजी माध्यमात घातलं की व्याकरण आपोआप येतं.

पंजाबराव देशमुखांचा जन्म १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा, शेतकऱ्याच्या घरातला. गावच्या शाळेत मराठीत अक्षरं गिरवलेल्या या माणसानं पुढं विलायतेत जाऊन वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर इंग्रजीत प्रबंध लिहिला आणि डॉक्टरेट मिळवली. युनेस्कोनं १९५३ सालीच आपल्या अहवालात शिक्षणाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी असं सांगितलं, आणि २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत तेच सांगतं. जे मूल मराठीत कर्ता-कर्म ओळखतं, त्याला इंग्रजीत ते ओळखायला वेगळी बुद्धी लागत नाही.

शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती : इंग्रजीच्या तासाला वऱ्हाडी बोललं म्हणून कुठल्याही लेकराला दंड करू नका. त्याचं ते वाक्य फळ्यावर लिहा आणि त्याच्या शेजारी इंग्रजी लिहा.