डिझेल इंजिन एवढं टकटक का करतं?

मी राहतो लोणी काळभोरला. इथे इंधनाचे डेपो आहेत, त्यामुळे सोलापूर रोडला टँकरची रांग रोजचीच, आणि डिझेलचा आवाज कानात बसलेला. आज हा आवाज नेमका येतो कुठून, ते बघू.

डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, ती 500 अंशांच्या वर तापते आणि मग नोझलमधून डिझेलचा फवारा येतो. पण तो लगेच पेटत नाही. थेंबांची वाफ होऊन हवेत मिसळायला थोडा वेळ लागतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लेटन्सी म्हणू. सर्व्हर अडकला की रिक्वेस्ट साठतात ना, तसं तेवढ्या वेळात डिझेल साठतं. मग साठलेलं सगळं एकदम पेटतं, सिलिंडरमधला दाब झटक्यात चढतो आणि तो ठोका इंजिनच्या लोखंडातून बाहेर ऐकू येतो. हीच ती टकटक.

आता टायमिंग. मेकॅनिकलवाल्यांनो, लॅबमधलं किर्लोस्करचं सिंगल सिलिंडर टीव्ही-1 आठवा. मिनिटाला 1500 फेरे, आणि पिस्टन वर पोहोचायच्या 23 अंश आधी फवारा. या वेगाला क्रँक सेकंदात 9000 अंश फिरतो. म्हणजे 1 अंश फक्त 0.11 मिलिसेकंद! पंपाखाली पातळ शिम असतात. एक काढली की फवारा लवकर येतो, एक वाढवली की उशिरा.

फवारा लवकर आला तर हवा अजून पुरेशी तापलेली नसते. वाट बघणं वाढतं, साठा वाढतो, ठोका मोठा. ‘आवाज आला म्हणजे पिकअप आला’ म्हणणारे मिस्त्री थोडेफार बरोबर असतात, पण एका हद्दीपर्यंतच. त्यापुढे मार बसतो पिस्टन, बेअरिंग आणि हेड गॅस्केटला. उलट फवारा उशिरा आला की इंजिन शांत होतं, म्हणून गिऱ्हाईक खूश. पण डिझेल पेटेपर्यंत पिस्टन खाली निघालेला असतो. ताकद कमी, धूर जास्त, डिझेलचा खर्च जास्त. शेतातल्या पंपाला हे परवडत नाही.

मग ताकदही हवी आणि शांतताही, तर? आधी चिमूटभर डिझेल सोडायचं. ते पेटून आतली हवा तापवतं, मग मुख्य फवारा येतो आणि जवळजवळ लगेच पेटतो. साठाच होत नाही. याला पायलट इंजेक्शन म्हणतात. आपल्या रांजणगावला बनलेलं फियाटचं 1.3 मल्टीजेट याच कल्पनेवर चालतं: एका चक्रात पाचपर्यंत फवारे. इतकं बारीक काम शिमनं होत नाही. ते कॉमन रेल आणि ईसीयूमधला कोड करतो. (हो, इथे मला जरा अभिमान वाटतो.)

थंडीत सकाळी टकटक वाढणं नॉर्मल आहे, कारण हवा उशिरा तापते. पण कॉमन रेल गाडी गरम झाल्यावरही ठोकत असेल, तर ईसीयूची सेटिंग बदलायच्या आधी इंजेक्टर तपासून घ्या.