चार टन, पाच टन की तीन?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या ह्यूस्टनच्या घरातला जुना एसी बसला. ठेकेदाराने बाहेरच्या युनिटची पाटी वाचली आणि म्हणाला, "चार टनाचा आहे, पाचचा टाकू. निवांत राहाल." मी मान डोलावणारच होतो. जास्त ते चांगलं, हा आपला जुना हिशेब! (इथे टन म्हणजे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढेल तेवढी, म्हणजे तासाला १२,००० बीटीयू.) बायको म्हणाली, "पाच हा आकडा आला कुठून ते विचार की." विचारलं, तर साहेब गप्प.

टेक्सासने २०१५ चा ऊर्जा कोड घरांना १ सप्टेंबर २०१६ पासून लागू केला. त्यात स्पष्ट आहे की एसीचा आकार 'मॅन्युअल जे' या गणितानेच ठरवायचा. खिडक्या किती, कुठल्या दिशेला, अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशन किती, हवा कुठून गळते, सगळं त्यात येतं. जुन्या युनिटची पाटी येत नाही.

आमच्याकडे खरा प्रश्न दमटपणाचा. मोठा एसी दहा मिनिटांत खोली गार करतो आणि बंद पडतो. पण हवेतलं पाणी कॉइलवर साचून निथळायला वेळ लागतो. तेवढा मिळाला नाही की कॉइलवरचं ओल पुन्हा घरात! थर्मोस्टॅट म्हणतो ७२, अंगाला मात्र चिकचिक. आमच्या बाथरूममधला टॉवेल कित्येक वर्षं वाळलाच नव्हता, आणि मी दोष देत होतो टॉवेलला.

दुसऱ्या ठेकेदाराने गणित केलं. उत्तर आलं तीन टन. वर त्याने पंखा लावून डक्ट २५ पास्कल दाबाखाली तपासले. नव्या घराला कोड दर शंभर चौरस फुटांमागे मिनिटाला ४ घनफूट गळती चालवून घेतो. आमची कितीतरी जास्त निघाली. विकत घेतलेली गार हवा आम्ही अ‍ॅटिकला वाटत होतो! सांध्यांवर करडी डक्ट टेप होती, सगळी सुटलेली. नावातच डक्ट असलेली ही टेप डक्टवर टिकत नाही, हे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ मध्येच दाखवलं होतं. आता तिथे मॅस्टिक फासलंय.

लहान युनिटमुळे वाचलेले पैसे या मॅस्टिकमध्येच गेले, हेही सांगून टाकतो. टॉवेल मात्र संध्याकाळपर्यंत वाळतो.