निकाल येईपर्यंत ऊस तुटून गेलेला असतो

कराडला माझं कृषी सेवा केंद्र आहे. गिऱ्हाईक निम्मं कराड-पाटणचं, निम्मं वाळवा-शिराळ्याचं, म्हणजे सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतलं. आडसाली लागणी सुरू झाल्या की दुकानात सगळ्यात जास्त मागणी ॲट्राझीनला. लागणीनंतर तीन-चार दिवसांत, रान वाफशावर असताना एकरी दोन किलो पंपानं मारलं, की ऊस उगवून वर येईपर्यंत तण दबून राहतं. भांगलणीला बायका मिळेनात, मिळाल्या तर मजुरी परवडेना, तेव्हापासून हे तणनाशक उसाच्या खर्चात कायमचं बसलं आहे.

पुड्यावर ‘ॲट्राझीन ५० टक्के डब्ल्यूपी’ असं छापलेलं असतं. त्यातला असली माल, ज्याला आमच्या धंद्यात ‘टेक्निकल’ म्हणतात, तो वेगळ्या कारखान्यात तयार होतो. पुडा भरणारी कंपनी टेक्निकल विकत घेते, त्यात इतर भुकटी मिसळून दळते आणि पॅक करते. टेक्निकल गुजरातेत बनतं आणि चीनमधूनही येतं. चीनचं स्वस्त का पडतं, यावरून दिल्लीत भांडण झालं. चीनचं सरकार तिथल्या कारखान्यांना अनुदान देतं, अशी तक्रार भारतीय उत्पादकांनी केली. २०१९ मध्ये चौकशी सुरू झाली आणि २०२० मध्ये शुल्काची शिफारस झाली.

इथं दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. कंपनीनं आपल्या देशातल्या भावापेक्षा कमी दरानं इथं माल ओतला तर ते डंपिंग. पण तिथल्या सरकारनंच वीज, जमीन, कर्ज स्वस्तात दिलं, कर माफ केला आणि त्या जोरावर माल स्वस्त झाला, तर त्यावर लावायची ती काउंटरव्हेलिंग ड्युटी; व्यापारी तिला सीव्हीडी म्हणतात. दोन्हींची चौकशी वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय करतं. डीजीटीआर म्हणतात ते हेच. दिल्लीत संसद मार्गावर जीवन तारा इमारतीत त्याचं कार्यालय आहे. शुल्क लावायचं की नाही हे मात्र अर्थ मंत्रालय ठरवतं.

नियम १९९५ सालचे. चौकशी एका वर्षात संपवायची, फार तर आणखी सहा महिने. जागतिक व्यापार संघटनेच्या करारातही हीच मर्यादा आहे: कमाल अठरा महिने. आमच्याकडचा आडसाली ऊसही लागणीपासून तोडणीपर्यंत तेवढाच काळ रानात उभा असतो. म्हणजे लागण करताना सुरू झालेल्या चौकशीचा निकाल ऊस गाळपाला गेल्यावर हाती येऊ शकतो. शिफारशीनंतर अर्थ मंत्रालयाला तीन महिने. पुढे अपिलाला न्यायाधिकरण आहेच.

वेळ जातो कुठं? आधी ज्या देशावर आरोप आहे, त्याच्या सरकारला चर्चेला बोलवावं लागतं. त्याशिवाय चौकशी सुरूच करता येत नाही. मग प्रत्येक सवलत वेगळी मोजायची. विजेचा दर किती कमी, कर्जाचं व्याज किती कमी, हे परदेशी सरकारकडून प्रश्नावली भरून घ्यायचं. उत्तर नाही आलं तर उपलब्ध माहितीवर हिशेब करायचा. उत्पादकांचे आकडे गोपनीय, म्हणून प्रत्येक कागदाच्या दोन प्रती. त्यात सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये टायर उत्पादकांच्या प्रकरणात सांगितलं, की ज्यानं सुनावणी घेतली त्यानंच निकाल द्यायचा. न्यायाच्या दृष्टीनं हे अगदी बरोबर आहे. पण अधिकाऱ्याची बदली झाली की सुनावणी नव्यानं घ्यावी लागते, आणि आपल्याकडे बदल्या काय थांबतात?

भारतातली अनुदानाविरुद्धची पहिली चौकशी २००९ साली चीनच्या सोडियम नायट्राइटवर सुरू झाली. शुल्क लागलं नाही. अनुदानाविरुद्धचं पहिलं शुल्क प्रत्यक्ष लागलं ते २०१६ मध्ये, पवनचक्कीच्या ओतीव भागांवर. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्या फिरताना सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यांच्यासारख्या यंत्रांचे हे भाग. नियम झाल्यापासून एकवीस वर्षं गेली होती. रसायनांत सॅकरिनचं उदाहरण बरं म्हणायचं. २०१९ च्या ऑगस्टअखेर चीनच्या सॅकरिनवर पाच वर्षांसाठी वीस टक्के शुल्क लागलं. लगेच माल थायलंडमार्गे येतोय अशी तक्रार झाली आणि त्याची वेगळी चौकशी करावी लागली.

आणि शिफारस झाली म्हणजे शुल्क लागलंच असंही नाही. २०२० नंतर डीजीटीआरच्या अनेक शिफारशी अर्थ मंत्रालयानं अधिसूचना न काढता सोडून दिल्या. कारणं द्या, असं न्यायाधिकरणाला सांगावं लागलं.

निकाल लांबतो त्या काळात दुकानात काय होतं ते सांगतो. ड्युटी लागणार अशी कुणकुण लागली की वरून माल सुटत नाही. आमचा एक घाऊक पुरवठादार सरळ म्हणाला, “आठ दिवस थांबा, रेट बदलतोय.” त्याच आठवड्यात वाळवा तालुक्यातले एक आबा दुकानात आले. लागण झालेली, रान वाफशावर आलेलं. मी सांगितलं, “आबा, माल वरूनच येईना, दिल्लीत निकाल अडकलाय.” ते म्हणाले, “आरं, तण काय दिल्लीच्या निकालासाठी थांबतंय व्हय?” मला उत्तर देता आलं नाही. पुढं त्यांना दोनदा भांगलण करावी लागली. ड्युटी लागलेली नव्हती, पण तिचा भार आबांच्या खिशावर पडून गेला होता.

शुल्क लावाच, असा माझा आग्रह नाही. स्वस्त तणनाशक शेतकऱ्याला हवंच आहे. पण देशातला कारखाना बंद पडला आणि उद्या चीननं दर चढवला तर जायचं कुठं, हाही प्रश्न खरा आहे. अमेरिकेनंही आपल्या मालावर अशीच चौकशी लावली. उसात आपण वापरतो ते टू-फोर-डी भारत आणि चीनमधून अनुदानावर येतं, अशी तक्रार कॉर्टेव्हा कंपनीनं तिथं मार्च २०२४ मध्ये केली. तिथंही तारखा पुढं ढकलल्या गेल्या आणि तिथल्या व्यापार आयोगाचा अंतिम कौल मे २०२५ मध्ये आला. वर्षाहून जास्तच. तरी तिथं टप्प्याटप्प्यांची मुदत कायद्यात दिवसांत लिहिलेली असते. प्राथमिक निर्णयाला ६५ दिवस, वाढवले तर १३०. व्यापाऱ्याला निदान तारीख तरी कळते. आपल्याकडे आम्ही ऐकीव बातमीवर माल भरतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की उशीर कुणाच्याच बाजूचा नसतो हे खोटं आहे. ज्याच्याकडे गोदाम आणि थांबायला पैसा आहे, उशीर त्याच्या बाजूचा असतो. छोटा उत्पादक थांबू शकत नाही आणि शेतकरी तर मुळीच नाही.

या चौकशीत माल वापरणाऱ्यांना आणि ग्राहक संघटनांना आपलं म्हणणं मांडता येतं. आमच्या भागातल्या कुठल्या शेतकऱ्यानं ते मांडल्याचं मी ऐकलेलं नाही. एकट्यादुकट्याला ते जमणारही नाही. कृष्णा, सह्याद्री, राजारामबापू या कारखान्यांचे शेती विभाग हे काम करू शकतात. हंगामात किती तणनाशक लागतं, कोणत्या महिन्यात लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पुढच्या वेळी शेतीच्या रसायनावर चौकशी जाहीर झाली, की त्यांनी आपले आकडे लेखी कळवावेत आणि एकच मागणी करावी: शुल्क लावा किंवा लावू नका, पण निकाल लागणीच्या आधी द्या.